पावसाळ्यानंतरचे अंगण, पडवी आणि गच्ची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र बसले की ओळखीपाळखीची मंडळी एकाच विषयावर विचारू लागतात. चार महिने दारे लावून घरात बसल्यावर आता बाहेर बसावेसे वाटते, पण बाहेर पाऊल ठेवावे तर फरशी निसरडी असते, खुर्च्या गंजलेल्या असतात, गादीला वास येतो आणि संध्याकाळी डास बसू देत नाहीत. पुण्याजवळच्या घराची गच्ची आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या घराचे अंगण ही दोन्ही दर वर्षी नव्याने मार्गी लावताना जे कळले, त्याच्या आधारे ही उत्तरे दिली आहेत.

अंगण किंवा गच्ची लावून घेण्याचे काम नेमके कधी सुरू करावे?

घाई करू नये. घटस्थापनेच्या सुमारास दोन-तीन दिवस कडक ऊन पडते आणि पाऊस गेला असे वाटते, पण परतीचा पाऊस अजून बाकी असतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांतून मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो आणि जाता जाता दुपारनंतर विजांसह झोडपून जातो. त्याआधी केलेली रंगरंगोटी आणि सारवण हमखास वाया जाते. म्हणून सप्टेंबरअखेरीस केवळ साफसफाई, तपासणी आणि सामानाची डागडुजी करावी, तर रंग, सारवण आणि गाद्या-उशा यांचे काम पाऊस पुरता गेल्यावर हाती घ्यावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडचा शरद हा पुस्तकातला गारवा घेऊन येत नाही. आधी ओल असते, मग ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि दिवाळीच्या आगेमागे, कधी त्यानंतरच, संध्याकाळ खरोखर गार होऊ लागते. एकाच जागेकडून या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या अपेक्षा असतात, म्हणून सगळी खरेदी एकाच रविवारी उरकणाऱ्यांची निम्मी खरेदी पुढे अडगळीत जाते.

फरशीवरचे शेवाळ कसे काढावे?

आधी कोरडे, मग ओले, हा क्रम पाळावा. दोन दिवस ऊन लागून शेवाळ काळपट आणि पापुद्र्यासारखे झाले की खराट्याने किंवा तारेच्या ब्रशने खरवडून काढावे आणि केरसुणीने गोळा करून टाकावे. ओले असतानाच पाणी मारून घासले, तर तोच हिरवा चिखल सांध्यांत जाऊन बसतो. त्यानंतर बादलीभर पाण्यात मूठभर ब्लीचिंग पावडर कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे पाणी फरशीवर पसरावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, घासावे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. हे पाणी तुळशीच्या किंवा कुंडीतल्या इतर झाडांच्या मुळाशी जाऊ देऊ नये.

येथे एक इशारा ठळकपणे देणे आवश्यक आहे. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे आम्ल ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच जागी किंवा एकाच बादलीत कधीही वापरू नयेत. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीला घातक असतो.

शहाबादी फरशीवर आम्ल टाकले तर डाग लवकर निघतात असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

डाग निघतात, पण त्यांच्याबरोबर फरशीही निघते. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि चुनखडीवर आम्ल पडले की फेस येतो. तो फेस म्हणजे दगडाचा वरचा थर विरघळत असल्याची खूण असते. हे मला ठाऊक असायला हवे होते, पण एका दिवाळीच्या आधी घाईत गच्चीच्या कोपऱ्यातले शेवाळ काढण्यासाठी मी आम्ल ओतले. दोन मिनिटे मोठे समाधान वाटले. फरशी वाळल्यावर तेथे ताटाएवढा पांढुरका, खरखरीत चट्टा उमटला, आणि पुढच्या पावसाळ्यात सर्वांत आधी शेवाळ धरले ते त्याच चट्ट्याने, कारण खरखरीत पृष्ठभागावर ओल आणि माती अधिक टिकते. आता त्यावर एक मोठी कुंडी ठेवलेली असते. सिमेंटच्या सांध्यांनाही आम्लाने हीच इजा होते. कोकणातला जांभा या जातीचा दगड नाही, पण तो सच्छिद्र असल्यामुळे आत गेलेले आम्ल धुऊन काढणे कठीण जाते, म्हणून तेथेही खराटा आणि ऊन यांवरच भिस्त ठेवावी.

मातीचे अंगण पावसाने पूर्ण खचले आहे. ते पुन्हा कसे करावे?

कोकणात याला ‘अंगण करणे’ असेच म्हणतात आणि ते खरोखर दर वर्षी नव्याने करावे लागते. पावसाळ्यानंतर अंगणाकडे नीट पाहिले, तर पागोळ्यांच्या रेषेत, घराच्या कडेने, खळग्यांची एक सरळ रांग दिसते. जणू कोणी काठीने मोजून टोचे मारले आहेत. ती रांग बुजवून चालत नाही, कारण पुढच्या पावसात ती पुन्हा तेथेच पडणार. त्या रेषेत जांभ्याचे तुकडे किंवा गोटे बसवले, तर पाणी त्यांवर आपटून फुटते आणि माती जागेवर राहते.

बाकीच्या अंगणातले गवत मुळासकट काढावे. ते नुसते कापले तर सारवणातून पंधरा दिवसांत पाती वर येतात. त्यानंतर वरची सैल माती फावड्याने खरवडून काढावी, चाळलेली नवी माती पसरावी, पाणी शिंपडून ती रात्रभर मुरू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी फळीने सारखी करून धुमसाने ठोकावी. माती अर्धवट वाळलेली असताना, म्हणजे पायाचा ठसा उमटतो पण माती पायाला लागत नाही अशा अवस्थेत, लाकडी चोपणीने चोपावी. खरी मेहनत येथे असते आणि हीच पायरी हल्ली टाळली जाते. न चोपलेले अंगण सारवले तर आठवड्याभरात भेगाळते. उतार घराकडून बाहेर असावा. शंका असल्यास तांब्याभर पाणी ओतून ते कोणीकडे जाते ते पाहावे.

शेणाचा पहिला हात पातळ आणि दुसरा थोडा दाट द्यावा. ताज्या शेणात बारीक माती मिसळल्यास सारवण लवकर उचलत नाही. दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस ऊन लागू द्यावे. तुळशीच्या लग्नाला, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वादशीला, अंगण तयार हवे असेल, तर किमान पंधरा दिवस आधी कामाला लागावे.

ऑक्टोबरमध्ये इतके उकडते की बाहेर बसवत नाही. यावर उपाय काय?

आकाश निरभ्र झालेले असते, जमिनीत ओल मुबलक असते आणि वाऱ्याची दिशा बदलत असल्यामुळे तो जवळजवळ पडलेला असतो. ऑक्टोबर हीट म्हणतात ती या तिन्हींची मिळून होते. अशा वेळी सावली आणि हालती हवा एवढ्याच दोन गोष्टींचा उपयोग होतो. दुपारी तापलेल्या फरशीवर चार-पाच वाजता पाणी मारण्याची पद्धत आहे, पण समुद्रकाठच्या दमट हवेत त्याने आणखी घुसमट होते. पाणी मारून गारवा येतो तो मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या भागांत, आणि तेथेही सूर्य कलल्यावर.

सावलीसाठी शेतकरी वापरतात ती शेडनेट स्वस्त आणि चांगली. बसण्याच्या जागेला 75 टक्के सावली देणारी जाळी योग्य ठरते. झाडांसाठी 50 टक्के पुरते. पत्रा आणि प्लॅस्टिकची पारदर्शक छपरे मात्र खाली उष्णता सोडतात. कोकणातला झापांचा मांडव या सर्वांहून सरस. पोफळीच्या खांबांवर माडाच्या विणलेल्या झावळ्या टाकल्या की हवा खेळती राहते आणि खालच्या उजेडाला एक मऊपणा येतो. तो पुढच्या पावसाळ्याआधी उतरवावा लागतो, एवढीच त्याची अडचण.

सावली कोणत्या बाजूला करावी हे कसे ठरवावे?

या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. 23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र समान होतात आणि त्यानंतर सूर्य रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो. पुण्याच्या अक्षांशावर त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 71 अंश वर असतो, तर 21-22 डिसेंबरला तो जेमतेम 48 अंशांवर येतो. व्यवहारात याचा अर्थ असा की दहा फूट उंच खांबाची दुपारची सावली 23 सप्टेंबरला साडेतीन फुटांहून कमी पडते आणि डिसेंबरात तीच नऊ फुटांपर्यंत लांबते.

म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या पडवीत नवरात्रात ऊन उंबऱ्याबाहेरच थांबते आणि नाताळच्या सुमारास ते आतल्या भिंतीला भिडते. ऑक्टोबरच्या उकाड्याला कंटाळून दक्षिणेची बाजू कायमची झाकून टाकणारे लोक डिसेंबरातले सकाळचे कोवळे ऊन स्वतःच्या हाताने बंद करतात. तेथे गुंडाळता येणारे बांबूचे चिक लावावेत. पश्चिमेचे ऊन मात्र तिन्ही महिने त्रास देते. मावळतीची जागाही सरकते. डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून जवळजवळ 25 अंश दक्षिणेकडे मावळतो, त्यामुळे सप्टेंबरात बांधलेला पडदा दोन महिन्यांनी चुकीच्या जागी लटकत असतो. खांब न रोवता एक-दोन संध्याकाळी खुर्ची टाकून नुसते बसावे, डोळ्यांवर ऊन कोठून येते ते पाहावे आणि मगच सुताराला बोलवावे.

गच्चीवर छत उभारण्यासाठी स्लॅबला भोके पाडली तर चालतील का?

चालणार नाहीत. गच्चीच्या कोब्याखाली जलरोधक थर असतो आणि एका भोकातून शिरलेले पाणी खालच्या घरात भलत्याच ठिकाणी उतरते. खांब जुन्या रंगाच्या मोठ्या डब्यांत काँक्रीट भरून उभे करावेत, ते कठड्याला दोरीने बांधावेत आणि छताचे कापड वाऱ्याच्या दिवशी सोडवता येईल असे ठेवावे. कठड्यालाही ड्रिल मारू नये. सोसायटीची सामाईक गच्ची असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकार पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंतच टिकतो.

पावसात गच्ची गळत होती. आधी गळती काढावी की आधी बसण्याची सोय करावी?

अर्थातच आधी गळती काढावी. पहिल्या आठवड्याच्या उन्हात भेगा स्पष्ट दिसू लागतात, कारण भेगेच्या कडेने ओलीची काळी रेघ उशिरा वाळते. धुतलेली गच्ची सकाळी अकराच्या सुमारास पाहिली, तर या रेघा नकाशासारख्या दिसतात. खडूने लगेच खुणा करून ठेवाव्यात, कारण दुपारी त्या नाहीशा होतात. दुरुस्तीनंतर पन्हळ्यांची तोंडे बंद करून दोन दिवस पाणी साठवून पाहावे आणि खालच्या छताला ओल येत नाही याची खात्री झाल्यावरच सामान वर न्यावे.

गाद्या, तक्के आणि उशा यांना कुबट वास येतो. तो कसा घालवावा?

कापसाची गादी असेल तर खोळ काढून सलग तीन दिवस, दोन्ही बाजू उलटत, कडक उन्हात टाकावी आणि काठीने झोडावी. त्यावर अत्तर, कापूर किंवा सुगंधी फवारा मारू नये. त्याने कुबट वास झाकला जात नाही, तर दोन्ही वास एकत्र येतात. तीन दिवसांनी गादीत हात खुपसून पाहावे. आतला कापूस थंडगार लागला तर ओल अजून आहे, आणि अशा गादीला पिंजाऱ्याकडे पाठवण्यावाचून इलाज नाही. काळे ठिपके पडलेली खोळ सोडा घालून गरम पाण्यात भिजवावी. ठिपके पूर्ण जात नाहीत, पण वास जातो. फोमच्या उशा थेट उन्हात फार दिवस ठेवल्या तर चुरा होऊ लागतात, त्यांना सावलीतला वारा पुरतो.

नोव्हेंबरपासून दुसरी अडचण सुरू होते. निरभ्र, निवांत रात्री उघड्यावरच्या वस्तू आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होतात आणि त्यांवर दव धरते. त्यामुळे अंगणातल्या खुर्चीवरची उशी सकाळी ओलीचिंब आणि पडवीतली कोरडी असा प्रकार दिसतो. वरचे छप्पर हेच त्याचे कारण. उघड्यावरच्या गाद्या रोज रात्री आत घ्याव्यात. कंटाळा येत असेल, तर गादीऐवजी सतरंजी किंवा जाजम वापरावे, कारण ते उचलायलाही सोपे आणि वाळायलाही.

वेताच्या, लोखंडी आणि लाकडी सामानाची काळजी कशी घ्यावी?

लोखंडी खुर्चीचा गंज पॉलिश कागदाने धातूची चमक दिसेपर्यंत घासावा, फडक्याने पुसावा, रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा आणि मग तैलरंग लावावा. गंजावरच रंग फासला तर दिवाळीपुरते बरे दिसते. पायांच्या तळाशी रबरी बूच बसवावीत. शहाबादीवरचे गंजाचे गोल डाग पुढे कशानेही निघत नाहीत. वेताला मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, कारण कडक उन्हात वेत ठिसूळ होतो. सागवानाला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. तेलाची फडकी मात्र चुरगळून एकत्र ठेवू नयेत, कारण ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

झोपाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे. त्याची करकर सर्वांना ऐकू येते आणि तेल घातले की लोक निश्चिंत होतात. प्रत्यक्षात पाहायची असते ती वरची कडी, तुळईत गेलेला तिचा भाग आणि साखळीच्या दुव्यांची झीज. स्टुलावर चढून प्रत्येक दुवा फिरवून पाहावा. दुवा जेथे दुसऱ्या दुव्यावर घासतो तेथे तो पातळ झालेला असतो. पितळी कड्यांवर आमचूर आणि चिंच यांचा उपयोग सर्वांना माहीत आहेच.

संध्याकाळी डासांमुळे बसता येत नाही. उदबत्ती आणि धूप यांचा उपयोग होतो का?

थोडा होतो, पण धुराचा त्रास डासांइतकाच माणसांनाही होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडणारा डास व्हायला त्याला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि तो मुख्यतः दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी चावतो. म्हणजे चहाची वेळ ही नेमकी त्याचीही वेळ. कुंडीखालच्या बश्या, फुटकी मडकी, पक्ष्यांचे पाण्याचे भांडे, गच्चीवरची ताडपत्री जेथे घडीत पाणी धरते ती जागा, आणि जुन्या टायरचे आतले वळण, हे सर्व आठवड्यातून एकदा रिकामे करावे. नुसते ओतून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून भांडे घासावे लागते.

बसायच्या वेळी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे साधा टेबल पंखा. डासाला उडण्याची ताकद फार नसते. पंखा जमिनीलगत, पायांच्या दिशेने ठेवावा. ऑक्टोबरच्या उकाड्यातही तोच कामी येतो.

दिव्यांची रचना कशी असावी?

कमी आणि खाली. डोक्यावर लखलखीत पांढरा दिवा लावला की अंगणाचे बस स्थानक होते आणि वर किडेही जमतात. पिवळसर, 2700 केल्व्हिनच्या आसपासचे दिवे बसणाऱ्याच्या नजरेच्या खाली, म्हणजे पायरीशी, ओट्याच्या कडेला किंवा कुंडीमागे ठेवावेत. उघड्यावर लावायच्या दिव्यांवर आयपी 65 अशी, म्हणजे धूळ आणि पाणी यांपासून बचावाची, खूण आहे का ते पाहावे. बाहेरच्या वायरिंगला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. आकाशकंदिलासाठी खिडकीतून ओढलेली, चिकटपट्टीने जोडलेली वायर हा आपल्याकडचा जुना खेळ आहे आणि दवाच्या दिवसांत तो जिवावर बेततो.

या दिवसांत अंगणात कोणती झाडे लावावीत?

झेंडू दसऱ्याला हवा असेल तर रोपे जुलै-ऑगस्टमध्येच लागलेली असावी लागतात. उशीर झाला असल्यास कळ्या धरलेली रोपे विकत आणण्यात काही कमीपणा नाही. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर करावी, नाशिककडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालते त्याच सुमारास. प्राजक्त असेल तर त्याच्याखाली बसायची जागा करण्यापेक्षा त्याच्याखालची जागा मोकळी, स्वच्छ आणि सारवलेली ठेवावी. पहाटे पडलेला सडा हीच त्या कोपऱ्याची सजावट असते. रातराणी खिडकीपासून आणि बसण्याच्या जागेपासून दहा-पंधरा फूट दूर असावी, जवळ असल्यास तिच्या वासाने काहींचे डोके दुखते.

शेवंतीला पाने भरपूर आली आहेत, पण कळ्या धरत नाहीत. असे का होत असावे?

कुंडीवर रात्री दिव्याचा उजेड पडतो का ते पाहावे. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड काळोखाची रात्र लागते, आणि म्हणूनच ती दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते. पायरीवरच्या दिव्याचा किंवा रस्त्यावरच्या खांबाचा उजेड रात्रभर तिच्यावर पडत असेल, तर तिच्या लेखी उन्हाळा संपलेलाच नसतो. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवावी. काही आठवड्यांत फरक दिसतो.

कोजागरीसाठी गच्चीवर कशी तयारी करावी?

आश्विन पौर्णिमेला चंद्र हाच दिवा असल्यामुळे बाकीचे सगळे दिवे घालवावेत. माळा आणि रोषणाई लावून चांदणे पाहायला बोलावणारे यजमान मला कधी समजले नाहीत. फरशी दिवसभर तापलेली असते, म्हणून सातच्या सुमारास ती एकदा पुसून घ्यावी आणि मग सतरंज्या अंथराव्यात. ज्येष्ठांसाठी हात असलेल्या दोन-तीन खुर्च्या भिंतीला टेकून ठेवाव्यात. जमिनीवर बसवून मग उठताना त्यांना आधार शोधायला लावू नये. दूध वर आटवण्याचा मोह टाळावा. ते खाली आटवून, केशर-वेलची-जायफळ घालून, जाड बुडाच्या पातेल्यात वर न्यावे आणि जाळीदार झाकणाखाली ठेवावे, म्हणजे चंद्राचे प्रतिबिंब पाहण्यासाठी झाकण काढेपर्यंत त्यात किडे पडत नाहीत. परतीचा पाऊस या रात्री हजेरी लावतो, असा अनेकांचा अनुभव आहे, तेव्हा जिन्याजवळची खोली रिकामी असू द्यावी.

पणत्यांच्या तेलाचे डाग फरशीवर पडू नयेत म्हणून काय करावे?

नवीन पणत्या आदल्या दिवशी रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे माती तेल कमी पिते आणि तळातून पाझरतही नाही. प्रत्येक पणतीखाली विड्याचे किंवा केळीचे पान ठेवावे. डाग पडलाच तर त्यावर लगेच तांदळाचे पीठ किंवा रांगोळी जाडसर दाबून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झाडून टाकावी.

थंडीत गच्चीवर किंवा अंगणात शेकोटी करता येईल का?

मातीच्या अंगणात, घरापासून आणि गंजीपासून दूर, सुक्या लाकडांची छोटी शेकोटी करण्यास हरकत नाही. गच्चीवर मात्र थेट फरशीवर आग पेटवू नये. शहाबादी तडकते आणि खालचा जलरोधक थर खराब होतो. विटांच्या दोन थरांवर वाळू भरलेले घमेले ठेवून त्यात शेगडी ठेवावी. पालापाचोळा आणि कचरा उघड्यावर जाळण्यास घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी मनाई केली आहे, आणि तसाही तो पाला सहा महिन्यांत कुंड्यांसाठी उत्तम खत होतो. विझत आलेली कोळशाची शेगडी उबेसाठी खोलीत नेऊन दार लावणे अत्यंत धोक्याचे आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

गावच्या घरी अंगणात झोपण्याची हौस आहे. काही खबरदारी घ्यावी लागेल का?

घ्यावी लागेल. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या आणि इतर सापांच्या मागाने घराजवळ येते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्यास पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. म्हणून जमिनीवर अंथरूण घालू नये. बाजेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी आणि पांघरूण खाली लोंबू देऊ नये. सरपण, चिऱ्यांची रास आणि पेंढा बसण्या-झोपण्याच्या जागेपासून लांब रचावा. अंधारात पाय खाली टाकण्याआधी विजेरीने पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आमच्याकडे अंगण नाही, गच्ची नाही, फक्त चार फूट रुंदीची बाल्कनी आहे. मग?

तर मग वाळत घालायच्या कपड्यांची दोरी आधी हलवावी. बाल्कनीतल्या निम्म्या तक्रारी तिच्यापाशी संपतात. भिंतीला लावून घडीचा बाक, कठड्याच्या आतल्या बाजूने कुंड्या (बाहेरच्या बाजूने टांगलेल्या कुंड्या खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडू शकतात), आणि चहाचा कप ठेवण्यापुरते एक स्टूल, एवढे पुरे होते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे फॉलमध्ये पॅटिओवर दिवाळी करायची असते. वेगळे काय करावे?

तेथला क्रम उलटा असतो. आपल्याकडे शरदात उकाड्याकडून गारव्याकडे जायचे असते, तर तेथे गारवा आधीच आलेला असतो आणि उजेड झपाट्याने जात असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे गेली की संध्याकाळ पाचच्या आतच संपते. म्हणून फराळाचा कार्यक्रम दुपारी तीनला ठेवावा आणि पणत्या शेवटी लावाव्यात. प्रोपेनचा हीटर छताखाली किंवा पडद्यांच्या आत पेटवू नये आणि तो सपाट फरशीवरच ठेवावा. ओली पाने पायऱ्यांवर शेवाळाइतकीच निसरडी होतात, त्यामुळे त्या दिवशी सकाळी खराटा मारावाच लागतो. तुळस मात्र रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागण्यापूर्वी घरात, दक्षिणेच्या खिडकीशी आणावी. पहिल्या दहिवरात, म्हणजे गोठलेल्या दवात, तिची पाने एका रात्रीत काळी पडतात, आणि लग्न तर अजून व्हायचे असते.